श्वासाचा पट्टा

ता. १२, मंगळवार

चिरंजीव ढब्बूस अनेक आशीर्वाद.

आम्ही उभयता जावा इकडे खुशाल असून तूही मुलाबाळांसह खुशाल असावास.

एवढं शिंपीबुवांनी मी तोंड उघडायच्या आतच लिहून टाकलं. गादीच्या खोळी शिवतात तसंच पत्रही लिहितात, माप न घेता. त्यांना बजावलंय, मी बोलेन तेच लिहायचं, सुधारायचं नाही. ते म्हणाले, "बाई, तुम्ही बोलता तसं लिहिलं तर पोस्टमन पाकीट हातात धरणार नाही." म्हटलं, हेही लिहा.

फोन आहे, मला ठाऊक आहे. पण फोनवर तू "हं, हं" करत दुसरंच काहीतरी वाचत असतोस. पत्र हातात असलं की निदान तेच वाचावं लागतं. तुझ्या हाताखाली आता मोठमोठी माणसं आहेत म्हणे. त्यांच्यासमोर हे पाकीट उघडू नकोस, नाहीतर साहेबांचं घरातलं नाव ढब्बू आहे हे त्यांना कळेल.

बातमी अशी की मला पट्टा लागला आहे. कुत्र्याला लागतो तसा गळ्यात नव्हे, बरगड्यांच्या खाली. छातीच्या दवाखान्याने दिला. मध्ये बिस्किटाएवढी चकती आहे, ती माझा श्वास मोजते आणि घरात एक डबा ठेवलाय त्याच्यातून सगळी चुगली दवाखान्यात करते. रात्रंदिवस घालायचा, आंघोळीपुरता काढायचा. चकतीवर दिवा आहे. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे वाईट. माझ्यासारख्या अक्षरशत्रूला बरी सोय केली आहे.

सिस्टर बांधायला आली तेव्हा मला कितीतरी वेळ गप्प बसवलं. म्हणाली, "आजी, आता हा तुमचा श्वास शिकतोय. एकदा शिकला की तुम्हाला ओळखणार." मला इतका वेळ गप्प बसलेली तुझ्या आईने लग्न होऊन या घरात आल्यापासून पाहिली नव्हती. ती, आमची धाकटी, दाराशी उभी राहून अशी बघत होती, जसं काही आत कुणाचा पेपर चाललाय.

डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे बघू. सारखा लाल लागायला लागला तर घरी हवेचं यंत्र आणायचं, नाकात नळी, आणि जिना बंद. म्हणजे मी वरच्या खोलीत आणि खाली दुकानात माझी खुर्ची रिकामी. गिऱ्हाइकाला गादी विकते कोण, तर ही जीभ. ती वर ठेवून धाकटी खाली काय विकणार? ती तर मऊ गादी कडक आहे का विचारलं तरी "तुम्ही म्हणाल तशी" म्हणते.

तर सांगायचं असं की यंत्र खुळं निघालं. सारखं लाल. आणि मी इकडे दुकानात बसून लोकांच्या पाठी मोडायच्या गोष्टी सांगतेय. सिस्टरचा फोन येतो, "आजी, दम लागतोय का?" मी म्हणते, "लागतो ना, तुझ्या प्रश्नांचा." माझा आवाज ऐकून तिला पटतं. पट्टा सैल बसला असेल म्हणते. मीही म्हणते, सैलच असेल. परवा ती स्वतः येऊन बघून गेली, तर मेला त्या वेळी पिवळा. म्हणजे यंत्रावर काही भरवसा नाही. नळीचं काय ते तू काळजी करू नकोस, नळी लागणार नाही, ते मी बघते.

तुझी आई बरी आहे. हल्ली मला काडी उचलू देत नाही. कापसाचे गठ्ठे माळ्यावरून खाली आणायचं काम माझं आणि तिचं मिळून असायचं, आता सगळे तीच आणते. मी उठले की "बसा, जाऊबाई." पाणीसुद्धा हातात. मी म्हटलं, एवढ्या वर्षांनी थोरलेपणाचं काही मिळतंय तर घ्यावं. बसले आहे राणीसारखी. तिचा चेहरा मात्र उतरलाय. विचारलं तर "काही नाही", तिचं ठरलेलं.

शिंपीबुवा म्हणतात कागद संपला. कागद संपला नाही, त्यांचा चहा आला आहे.

तुझी मोठी आई


ता. २१, गुरुवार

चिरंजीव ढब्बूस आशीर्वाद.

अक्षर वेगळं दिसेल. शिंपीबुवांनी नव्हे, दवाखान्याच्या सिस्टरनी लिहिलंय. मागच्या पत्रात मी त्यांना "ती, ती" करत होते, आज समोर बसल्यात म्हणून "त्या". दोन आठवडे होत आले म्हणून पट्टा परत न्यायला आल्या होत्या. मी म्हटलं, बसा, पुतण्याला चार ओळी लिहून द्या, शिंपी गावाला गेलाय. शिंपी कुठे गेलेला नाही. खाली दुकानात बसून टाके घालतोय. तो ऐकायला नको म्हणून वरचं दार लावून घेतलं आहे.

आधी दवाखान्यातल्या तुझ्या आईचं. ताप उतरला आहे. तोंडावर हवेचा मुखवटा आहे, जेवायला तेवढा काढतात. तिच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक बाई आहे, ती दिवसभर सुनेची निंदा करते. धाकटी तिचंही "बरोबर आहे तुमचं" म्हणून ऐकते. खिडकीपाशी खाट मिळाली आहे. चादरी स्वच्छ आहेत, पण गादी अगदी टाकाऊ, मधे खड्डा पडलेला. मी हात घालून बघितली, आत कापूस नाहीच, चिंध्या आहेत. डॉक्टर म्हणतात छातीत अचानक जंतू शिरले, औषधाने आटोक्यात आलंय, परवा शनिवारी घरी सोडतो.

हवा इकडे बरी आहे. खालच्या नळाला पाणी येत नव्हतं, ते आता येतं.

सिस्टर विचारतायत, आणखी काय लिहू. त्यांना घाई आहे.

काल तुझा फोन आला. एवढा मोठा बाप्या माणूस रडत होतास. म्हणालास, "मोठी आई, शिंपीकाकांनी मला सगळं सांगितलं. आई जिन्यात पडली तेव्हा सगळे नुसते बघत होते आणि तू धावलीस. तिचे कपडे सैल केलेस, तिला हवा मिळू दिलीस. कुणाला सुचतं असं? तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे." आणि म्हणालास, इथलं काम उरकून महिनाअखेरीला येतो, तोवर आई तुझ्या ताब्यात.

मी नुसतं "हं, हं" केलं. काल ती पाळी माझी होती.

फोन ठेवला आणि मला बसवेना. खाली दुकानात गेले तर शिंप्याने गिऱ्हाइकालाही तीच गोष्ट ऐकवली, माझ्यादेखत. ती बाई माझ्या पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले. शिंपी म्हणाला, "बघा, कौतुकसुद्धा सहन होत नाही बाईंना." तशीच जिना चढून वर आले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मला भिंतीकडे तोंड करून बसलेली तू कधी पाहिली आहेस का?

ढब्बू, तो लाल माझा नव्हता. पट्टा माझ्या अंगावर नव्हताच. तुझ्या आईच्या अंगावर होता.

सिस्टरचं पेन थांबलं आहे. लिहा हो. मी एकदा थांबले तर पुन्हा बोलायची नाही, मी स्वतःला ओळखते.

नळीची भीती वाटली. मरायची नव्हे, नळीची. नाकात नळी घालून गिऱ्हाइकासमोर कशी बसू, लोक काय म्हणतील, कालपर्यंत एवढी बोलत होती. म्हणून बांधल्याच्या दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्यावर मी पट्टा धाकटीला दिला. म्हटलं, "मला काचतो गं, तू घाल जरा. तुझी छाती धडधाकट आहे, दवाखान्याला हिरवा दिसला की त्यांचं समाधान आणि माझी सुटका." ती म्हणाली, "रागावतील ना?" मी म्हटलं, "कळलं तर रागावतील." तिने घातला. तिने कधी माझं ऐकलं नाही असं झालंय का.

संध्याकाळपर्यंत तिच्या अंगावर लाल लागला.

आणि मी हसले. ढब्बू, मी खरोखर हसले. ज्या बाईला कधी साधा खोकला नाही तिला लाल दाखवतंय, म्हणजे यंत्र खुळं. एवढंच सुचलं मला. पिंजायच्या यंत्रापाशी मी उभी राहायचे, आतल्या खोलीत बसून खोळी भरायची ती. कापूस उडून जाऊ नये म्हणून त्या खोलीची खिडकी कायम लावलेली. माझ्याकडे निदान रस्त्याचा वारा यायचा. तिच्याकडे नुसती धूळ. एका दुकानातली धूळ दोघींनी खाल्ली, तिने माझ्याहून जास्त, आणि छाती फक्त माझी बिघडली असेल असं मी धरून चालले. कारण मी ओरडते आणि ती ओरडत नाही.

सिस्टरचे फोन आले तेव्हा त्या माझा आवाज ऐकायच्या आणि आकडे धाकटीचे बघायच्या. कसा ताळा लागणार? त्यांनी "पट्टा सैल" असं नोंदवलं ते मीच नोंदवायला लावलं. त्या स्वतः बघायला आल्या तेव्हा जिन्यात पाऊल वाजताच आम्ही दोघी न्हाणीघरात शिरलो आणि पट्ट्याची अदलाबदल केली. धाकटी तोंडावर हात दाबून हसत होती. दोघी म्हाताऱ्या, शाळेत न गेलेल्या, आणि शाळेतल्या पोरींसारख्या. ती हसताना धापा टाकत होती. मला वाटलं, हसून.

आता इथे सिस्टर उठून बाहेर गेल्या होत्या. कागद माझ्याजवळ होता, पण मला कुठे लिहिता येतंय, म्हणून मधलं राहिलं. ते सांगते. त्या डॉक्टरांशी फोनवर बोलून आल्या. पट्टा कोणत्या दिवशी कुणाच्या अंगावर होता ते मला एकेक करून विचारलं, मी सांगितलं. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "मी आले त्या दिवशीचा पिवळा तुमचा होता?"

"माझाच."

"तुमच्यासारख्यांना पिवळा चालतो, आजी. तुम्हाला नळी लागणारच नव्हती."

हे त्यांनी लिहायला नको म्हटलं. मीच लिहायला लावलंय. ज्या गोष्टीला भिऊन एवढं केलं, ती माझ्या वाटेला नव्हतीच.

डॉक्टरांनी सांगितलंय की ते सगळे आकडे आता धाकटीच्या नावावर घेतील. जंतू आत्ता शिरले, पण छाती पुष्कळ आधीपासून हरलेली आहे. हे कळलं नसतं तर शनिवारी घरी सोडलं असतं आणि तिने सोमवारी पुन्हा गठ्ठा उचलला असता. आता सोडणार नाहीत. उद्यापासून पहिल्यापासून तपासणी. हवेचं यंत्र तिला लागेल असं दिसतं. पुढचं ते नक्की सांगत नाहीत, आणि मी विचारलं नाही. विचारायचा हक्क तुझा आहे.

एक राहिलं. ते राहू द्यावं असं फार वाटत होतं. अर्ध्या तासापूर्वी मी सिस्टरना "बस, एवढंच" म्हणणारही होते.

तू ज्याच्यासाठी माझं कौतुक केलंस ते. दुपारची वेळ होती. मी खाली एका नवरा-बायकोला मोठी गादी घेता की दोन वेगळ्या, म्हणून चिडवत होते. जिन्यात काहीतरी घसरलं. आधी गठ्ठा खाली आला. वर बघितलं तर धाकटी पायरीवर बसलेली, एक हात भिंतीला, ओठ जांभळे, डोळे माझ्याकडे. मी धावले, हे शिंप्याचं खरं आहे. तिचे कपडे सैल केले, हेही खरं आहे. हवेसाठी नाही केले, ढब्बू. पट्टा काढायला केले. लोक जमायच्या आत, गाडी यायच्या आत, तो तिच्या अंगावर दिसू नये म्हणून. मागची कडी निघेना. तिला श्वास मिळत नव्हता आणि मी तिला पुढे वाकवून कडी ओढत होते. ती "अहो" एवढंच म्हणाली. निघाल्यावर मी तो स्वेटरच्या खिशात घातला, आणि मग ओरडले, गाडी बोलवा म्हणून. आधी नाही. मग.

त्यावर लाल होता. खिशात घातल्यावर विझला.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं, "हिला हे कधीपासून?" मी म्हटलं, "आत्ताच, अचानक." त्यांनी धाकटीकडे बघितलं. मुखवट्यातून तिने मान हलवली, हो, आत्ताच. मला वाटलं ती माझं झाकतेय. तेव्हाही मला लाज वाटली, पण ती गिळता येण्याजोगी होती. गिळली, आणि चार दिवस तिच्या उशाशी बसून तुम्हा सगळ्यांकडून शाबासकी घेतली.

पण काल तुझा फोन झाल्यावर मी तिच्याकडे गेले. नर्स दुसरीकडे बघतेय असं पाहून तिने मुखवटा जरा उचलला आणि मला विचारलं, "जाऊबाई, तुमचा लाल उतरला का?"

मी म्हटलं, "माझा?"

तर म्हणाली, सिस्टर म्हणाल्या होत्या ना, पट्टा तुम्हाला शिकलाय, तुम्हालाच ओळखणार. ती सगळं समोर उभी राहून ऐकत होती. तिची समजूत अशी की पट्टा माझ्या नावाचा, माझ्या श्वासाचा, तेव्हा कुणीही घातला तरी बातमी माझीच देणार. स्वतःच्या पोटावर लाल बघून ती इतके दिवस माझ्यासाठी घाबरत होती. मी तोंडाने मजा करते म्हणून खरं बोलत नाही, आतून संपत चालले आहे, असं तिने धरलं. म्हणून मला काडी उचलू दिली नाही. म्हणून गठ्ठे तिने आणले, माझ्या वाटणीचेसुद्धा. तिला दम लागायचा, तर तिला वाटायचं काम वाढलंय म्हणून. डॉक्टरांना मान हलवली तीही झाकायला नाही. तिला खरंच वाटतंय की ती आत्ताच आजारी पडली आणि खरी आजारी मी आहे.

आणि मी बसले होते राणीसारखी. तसं तुला लिहवूनही घेतलं.

मी तिला म्हटलं, उतरला गं, माझा उतरला. मुखवटा घाल. ती म्हणाली, "मग बरं." आणि घातला. तिला खरं सांगायचं धैर्य काल झालं नाही. आज डॉक्टर तिला सांगतील, त्यांच्या आधी मीच जाऊन सांगणार आहे. सिस्टर म्हणतायत, मी तुमच्याबरोबर येते. मी म्हटलं, दारापर्यंत या, आत मी एकटी जाईन.

फोनवर हे बोलले असते तर दुसऱ्याच वाक्याला थट्टा केली असती, आणि तू हसला असतास, आणि सुटले असते. म्हणून पत्र. सिस्टर आजच तातडीच्या टपालाने टाकतायत. तू महिनाअखेरीची वाट बघू नकोस. निर्धास्त आहेस तो माझ्यावर विसंबून, आणि ते बरोबर नाही. तुझी आई माझ्या ताब्यात ठेवू नकोस. तू ये. रागाने ये, बोलायचं नसेल तर न बोलता ये. दार मी उघडेन. लाज वाटते म्हणून आत लपून बसणार नाही आणि शिंप्याला पुढे करणार नाही. त्यालाही खाली जाऊन सांगायचं आहे, गिऱ्हाइकासमोर त्याने गोष्ट सांगितली तसंच, गिऱ्हाइकासमोर.

सिस्टर विचारतायत, माफी मागितल्याचं कुठे लिहू. कुठेच नको म्हटलं. मोठ्या माणसाने माफी मागितली की लहानाला "असू दे" म्हणावंच लागतं, तुम्हाला तसंच वाढवलंय आम्ही. ते "असू दे" मला असं फुकटात नको आहे. तुला जे म्हणायचं ते तू येऊन, मला समोर उभी करून म्हण. मी मधे बोलणार नाही.

तुझ्या आईची थोरली जाऊ